जुनी एमजीबी जाणकारांना विकताना

पुनर्बांधणी करून रस्त्यावर आणलेली जुनी स्पोर्ट्स कार विकायला काढली की ती पाहायला येणाऱ्यांत दोन तऱ्हेचे लोक असतात. पहिल्यांना एखादी देखणी, उघड्या टपाची जुनी गाडी हवी असते आणि ती कोणती असावी याविषयी त्यांचा फारसा आग्रह नसतो. दुसऱ्यांना नेमकी तीच गाडी हवी असते. त्या मॉडेलची पुस्तके त्यांनी वाचलेली असतात, दोन-चार गाड्या खालून-वरून तपासलेल्या असतात आणि पुष्कळदा स्वतःच्या गॅरेजात तशीच एक गाडी उलगडून पुन्हा जोडलेलीही असते. हा लेख या दुसऱ्या ग्राहकाला गाडी कशी विकावी याविषयी आहे. रंगाखाली काय आहे हेच त्याला जाणून घ्यायचे असते, आणि म्हणून ती रंगाखालची हकिकत त्याने विचारण्याआधी, पुराव्यानिशी त्याच्यापुढे ठेवणे हे विक्रेत्याचे खरे काम आहे.

उदाहरण म्हणून मी ब्रिटनमधली एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार, घेतो. ही गाडी १९६२ मध्ये बाजारात आली आणि ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातल्या कारखान्यात १९८० पर्यंत तयार होत राहिली. बंद टपाच्या जीटी गाड्या धरून पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. भारतात आज एमजीचे अष्टकोनी चिन्ह मोठ्या एसयूव्ही गाड्यांवर दिसते. ते ज्या जुन्या परंपरेतून आले त्या परंपरेतली ही गाडी आहे. यंत्ररचना साधी आहे, जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो, आणि त्यामुळे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आणि हाताने काम करायची हौस असलेल्या मराठी माणसाला स्वतःच्या गॅरेजात पेलणारी जुनी गाडी म्हणूनही हिचेच नाव आधी घ्यावे लागते. पण याच कारणामुळे बाजारात पुनर्बांधणी केलेल्या एमजीबी पुष्कळ आहेत आणि त्यांची पारख असलेले ग्राहकही पुष्कळ आहेत.

पहिली पायरी म्हणजे आपल्याकडे नेमकी कोणती गाडी आहे हे स्वतः नीट जाणून घेणे. सगळ्या एमजीबी दिसायला सारख्या वाटल्या तरी जाणकाराच्या लेखी त्या वेगवेगळ्या गाड्या आहेत. ऑक्टोबर १९६४ पर्यंतच्या गाड्यांच्या इंजिनातला क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगांवर फिरतो, त्यानंतरच्या गाड्यांत पाच बेअरिंगांवर. इंजिन क्रमांकाची सुरुवात १८जी किंवा १८जीए अशी असेल तर ते तीन बेअरिंगांचे, आणि १८जीबी असेल तर पाचांचे. १९६५ पर्यंतच्या गाड्यांच्या दारांना ओढून उघडायची हँडले होती आणि त्या गाड्यांना आज वेगळा मान आहे. १९६७ च्या अखेरीस मार्क दोन ही सुधारित आवृत्ती आली. तिच्या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर सहज, न खरखरता पडण्याची सोय) मिळाले, डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर आला आणि विद्युतरचनेचे अर्थिंग पॉझिटिव्हवरून निगेटिव्हवर गेले. १९७४ च्या उत्तरार्धात अमेरिकी नियमांमुळे क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि गाडीची जमिनीपासूनची उंचीही वाढवली गेली. क्रोम बंपरची गाडी बाजारात अधिक किंमत खाते, म्हणून पुष्कळांनी नंतरच्या गाड्यांना क्रोम बंपर बसवून घेतले आहेत. तसे करणे गैर नाही, पण विकताना ते न सांगणे गैर आहे. चासी क्रमांकावरून मूळ मॉडेल कळतेच, त्यामुळे लपवण्याचा प्रयत्न पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो आणि त्यानंतर विक्रेत्याच्या कोणत्याही शब्दावर ग्राहक विश्वास ठेवत नाही.

हे सगळे अधिकृतपणे सिद्ध करणारा एक कागद मिळतो आणि तो विक्रीआधी अवश्य मागवावा. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत, आणि त्यांच्या आधारे ते हेरिटेज सर्टिफिकेट देतात. गाडी कोणत्या तारखेला तयार झाली, मूळ रंग कोणता, आतले अस्तर कोणत्या रंगाचे, इंजिन क्रमांक काय, कारखान्यातून कोणती जादा साधने बसवली होती आणि गाडी कोणत्या देशाला पाठवली गेली हे त्यात असते. गाडी आज लाल आणि सर्टिफिकेटात पांढरी असेल तर काही बिघडत नाही. जाहिरातीत तसे लिहावे. गाडी मूळची अमेरिकेची, डावीकडच्या स्टिअरिंगची असून नंतर उजवीकडे केलेली असेल तर तेही लिहावे, कारण कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या प्रदेशातून परतलेल्या गाडीचा पत्रा इंग्लंडच्या, बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या हिवाळी रस्त्यांवर आयुष्य काढलेल्या गाडीपेक्षा चांगला असण्याची शक्यता असते आणि जाणकार ग्राहक ही गोष्ट गुणाच्या रकान्यात धरतो.

आता पत्र्याकडे येऊ, कारण एमजीबीची किंमत इंजिनापेक्षा पत्र्यावर ठरते. या गाडीला वेगळी चासी नाही. संपूर्ण बॉडी हाच तिचा सांगाडा आहे, आणि टप नसलेल्या रोडस्टरमध्ये सगळा भार दारांखालच्या दोन सिलांवर येतो. प्रत्येक सिल म्हणजे बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, त्या दोहोंमधला उभा पडदा आणि खालची कॅसल रेल असे अनेक भाग एकत्र वेल्ड करून झालेली पोकळ पेटी असते. बाहेरचा सिल दाराखाली दिसतो तेवढाच नसतो. तो पुढच्या आणि मागच्या मडगार्डांच्या आत शिरलेला असतो. म्हणून सिल नीट बदलायचा तर मडगार्डांचा खालचा भाग कापावा लागतो, आणि नेमके हेच काम वाचवण्यासाठी अनेक ठिकाणी फक्त दिसणारा भाग कापून त्यावर नवा पत्रा चढवला जातो. वरून रंग लागला की दोन्ही कामे सारखीच दिसतात. जाणकाराला हे माहीत असते आणि म्हणून त्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: सिल कोणी बदलले, केव्हा बदलले, आणि पूर्ण बदलले का?

या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर म्हणजे छायाचित्रे. पुनर्बांधणी चालू असताना जुना सिल कापल्यानंतरची पोकळी, आतला पडदा, नवी कॅसल रेल, वेल्डिंगचे टाके, त्यावर मारलेला प्रायमर आणि शेवटी पोकळीत सोडलेले मेण या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र असेल तर गाडीच्या किमतीतला मोठा वाटा त्या छायाचित्रांनी राखलेला असतो. ज्यांची गाडी अजून उघडी आहे आणि पुढे कधीतरी विकण्याचा विचार आहे त्यांनी हे आजच लक्षात घ्यावे: दर टप्प्याला छायाचित्र घ्यावे, त्यात गाडीची ओळख पटेल असा एखादा भाग येऊ द्यावा आणि तारीख नोंदवावी. छायाचित्रे नसतील तर बॉडीच्या कामाची बिले, आणि तीही नसतील तर गाडी लिफ्टवर चढवून ग्राहकाला खालून मोकळेपणाने पाहू देणे, एवढेच हातात राहते. गाडी ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८ पासून बनवायला घेतलेल्या नव्या शेलवर, म्हणजे बॉडीच्या संपूर्ण नव्या सांगाड्यावर, बांधलेली असेल तर ही सगळी चिंता मिटते, मात्र त्या शेलची मूळ पावती जिवापाड जपावी. गाडीची नोंदणी आणि ओळख यांविषयी प्रश्न निघाला तर तोच कागद कामी येतो.

ग्राहक पत्रा कसा तपासेल हे माहीत असले की आपण ती तपासणी आधी स्वतःच करून घेऊ शकतो. तो दार आणि मागचे मडगार्ड यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का हे पाहील, मग ठरलेल्या जागी जॅक लावून गाडी उचलायला सांगेल आणि तीच फट पुन्हा पाहील. फट बदलली किंवा दार घट्ट झाले तर सिल कमजोर आहेत, नाहीतर गाडी वेल्डिंगच्या वेळी नीट आधार न देता उचलून धरली होती, असा त्याचा अर्थ. तो मागच्या पाटा-स्प्रिंगांच्या पुढच्या टोकांजवळचा पत्रा ठोकून पाहील, सीटांमागच्या झाकणाखाली बॅटरी ठेवायच्या पेट्यांत हात घालील, पुढच्या मडगार्डाच्या मागच्या वरच्या कोपऱ्यात चिखल साचून आलेले फोड शोधील आणि दारावर त्रिकोणी काचेच्या पायथ्याशी पत्र्याला बारीक चीर आहे का हे बोटाने चाचपील. ही चीर एमजीबीच्या दारांचा जुना रोग आहे. काही जण लोहचुंबकही आणतात आणि पुट्टी कुठे भरली आहे ते शोधतात. इथे एक गोष्ट ग्राहकाला आपणहून सांगावी, की सुरुवातीच्या गाड्यांचे बॉनेट ॲल्युमिनियमचे होते, त्यामुळे तिथे चुंबक चिकटला नाही तर ती पुट्टी नसून मूळ बॉनेट टिकून असल्याची खूण आहे.

यंत्राचा भाग त्यामानाने सोपा आहे. १७९८ सीसीचे हे इंजिन दणकट आहे आणि बिघडले तरी दुरुस्त होते. गाडी पूर्ण तापल्यानंतर चालत्या अवस्थेत तेलाचा दाब ५० ते ७० पौंड प्रति चौरस इंच दिसत असेल तर ग्राहकाला इंजिनाच्या खालच्या भागाविषयी फारसे विचारावे लागत नाही. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असल्यास तो चौथ्या, आणि बहुतेक गाड्यांत तिसऱ्याही, गिअरमध्ये विनाविलंब लागतो आणि सुटतो का हे आधी पाहून ठेवावे. बहुतेक वर्षे तो जादा पैसे देऊन घ्यायचा भाग होता आणि आजच्या हमरस्त्यांवर गाडी चालवायची तर तो असणे फार मोलाचे आहे. त्याचा दोष पुष्कळदा एखाद्या सैल तारेचा किंवा स्विचचा असतो, तेव्हा तो विक्रीआधी काढून टाकावा. पुढची चाके ज्यांच्यावर वळतात त्या किंग पिनांना वेळेवर ग्रीस न मिळाल्यास खेळ येतो, तारांच्या चाकांच्या हबवरचे दाते झिजले की गाडी पुढे-मागे करताना टक् असा आवाज येतो. ही दोन्ही कामे मनाजोगी झालेली नसतील तर करून घ्यावीत किंवा किमतीत स्पष्टपणे वजा धरावीत. सिलिंडर हेडमध्ये शिसेविरहित पेट्रोलसाठी कठीण व्हॉल्व्ह सीट बसवल्या आहेत का, आणि इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या आहेत का, हे प्रश्न हमखास येतात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे झाले आहे, म्हणून आपण गाडीत कोणते पेट्रोल भरत आलो हेही सांगावे.

एक सूचना मी आग्रहाने करीन. विक्रीच्या तोंडावर गाडीला घाईने नवा रंग देऊ नये आणि इंजिनाचा कप्पा वाफेने धुऊन लखलखीत करू नये. जुन्या गाड्यांच्या बाजारात ताज्या रंगाइतकी संशय वाढवणारी दुसरी गोष्ट नाही. सहा-सात वर्षांपूर्वी दिलेला आणि आजही फोड न आलेला रंग खालच्या पत्र्याबद्दल जी ग्वाही देतो ती कालच्या रंगाला देता येत नाही. गाडी स्वच्छ असावी, क्रोम पुसलेले असावे, कार्पेट कोरडे असावे, पण गॅस्केटपाशी तेलाचा थोडा ओलावा असेल तर तो तसाच राहू द्यावा आणि दाखवावा.

कागदपत्रांची फाइल हा गाडीचाच एक भाग समजावा. तिच्यात हेरिटेज सर्टिफिकेट, छायाचित्रे, सुट्या भागांची आणि मजुरीची बिले, आधीच्या मालकांची पत्रे असली तर ती, आणि जुनी एमओटी (ब्रिटनमधल्या वार्षिक वाहनतपासणीची) प्रमाणपत्रे वर्षांच्या क्रमाने लावावीत. चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणी सक्तीची नाही आणि त्यांना रस्ता करही भरावा लागत नाही, ही सवलत आता शेवटच्या एमजीबीपर्यंत पोहोचली आहे. तरीही विक्रीआधी स्वखुशीने नवी एमओटी करून घ्यावी असे माझे ठाम मत आहे. तिचा खर्च किरकोळ आहे, आणि त्रयस्थ तपासनिसाने ब्रेक, स्टिअरिंग आणि सिलांजवळचा पत्रा पाहून दिलेला निकाल विक्रेत्याच्या दहा वाक्यांहून अधिक वजनदार असतो. शिवाय गेल्या दोन दशकांतल्या एमओटी तपासण्यांचे निकाल नोंदणी क्रमांक टाकून सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात, मैलांच्या आकड्यासकट. ग्राहक ते घरून निघण्याआधीच पाहून येतो. एखाद्या वर्षी गंजाचा शेरा असेल तर त्याचे पुढे काय केले याचे बिल त्या पानामागे लावून ठेवावे.

किंमत ठरवताना मन कठोर करावे लागते. पुनर्बांधणीवर झालेल्या खर्चाची बेरीज म्हणजे गाडीची किंमत नव्हे. एमजीबीसारख्या मुबलक गाडीच्या बाबतीत व्यावसायिक कारखान्याकडून केलेल्या संपूर्ण पुनर्बांधणीचा खर्च बाजारभावाच्या पुढे जाणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि स्वतःच्या हातांनी घातलेले तास तर कोणत्याच हिशोबात येत नाहीत. ग्राहकाला बिलांची बेरीज सांगून किमतीचे समर्थन करू नये. बिले काम झाल्याचा पुरावा म्हणून दाखवावीत. भाव पाहताना जाहिरातींतल्या मागण्यांवर विसंबू नये, कारण मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत अंतर असते. लिलावगृहे आपल्या विक्रीचे निकाल प्रसिद्ध करतात ते पाहावेत, आणि त्यांत ग्राहकाने वरून भरलेले कमिशन धरलेले आहे की नाही हेही वाचावे. आपल्या गाडीशी वर्ष, बंपर, ओव्हरड्राइव्ह आणि बॉडीच्या कामाची प्रत या चार बाबतींत जुळणाऱ्या गाड्याच तुलनेला घ्याव्यात. मूळ नोंदणी क्रमांक अजून गाडीवर असेल तर त्याचे थोडे मोल वेगळे धरावे. मग एक आकडा ठरवून त्याच्या जवळपास राहावे. फार वर मागून हळूहळू खाली येणाऱ्या गाडीकडे जाणकार मंडळी महिनोन्महिने पाहत असतात, आणि दरवेळी आकडा उतरला की तिच्यात काहीतरी खोट आहे अशी त्यांची समजूत पक्की होत जाते.

कुठे विकावी? १९३० मध्ये स्थापन झालेल्या एमजी कार क्लबचे कार्यालय आजही ॲबिंग्डनलाच आहे आणि क्लबच्या मॉडेलनिहाय शाखा आहेत. अशा क्लबच्या मासिकातली छोटी जाहिरात, स्थानिक सभासदांची दरमहा भरणारी बैठक, आणि वसंतापासून सुरू होणारे गाड्यांचे मेळावे यांतून आलेला ग्राहक सर्वांत चांगला असतो, कारण त्या वर्तुळात गाडी आणि मालक दोघेही आधीपासून ओळखीचे असतात. दर नोव्हेंबरात बर्मिंगहॅमच्या एनईसी सभागृहांत भरणारे क्लासिक गाड्यांचे प्रदर्शन मोठे आहे, पण उघड्या टपाची गाडी विकण्याचा खरा हंगाम मार्च ते जून हाच. लिलावाचा मार्ग घाईत असलेल्यांसाठी आहे. तिथे गाडीची हकिकत सांगायला वेळ मिळत नाही आणि नेमकी तीच आपली पुंजी असते. व्यापाऱ्याला देणे त्याहून सोयीचे, आणि त्या सोयीचे पैसे तो किमतीतून कापून घेतो.

जाहिरात लिहिताना विशेषणे गाळावीत. “अप्रतिम”, “निर्दोष”, “एकदा पाहाच” अशा शब्दांनी जाणकाराला काहीच कळत नाही. गाडीचे वर्ष आणि मॉडेल, चासी क्रमांकाचा मॉडेल दाखवणारा पहिला भाग, इंजिन मूळचे की बदललेले, ओव्हरड्राइव्ह आहे की नाही, बॉडीचे काम कोणत्या वर्षी आणि कोणत्या भागांचे झाले, तेव्हापासून गाडी किती मैल चालली, मूळपेक्षा काय बदलले आहे, आणि आज काय दुरुस्त करायचे राहिले आहे एवढे लिहिले की पुरे. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जाहिरातींत तोच नसतो. पुढच्या सीटची शिवण सुटली आहे, थंडीत चोक जरा जास्त वेळ लागतो, हूडच्या (घडीच्या कापडी टपाच्या) मागच्या खिडकीचे प्लॅस्टिक पिवळे पडले आहे, असे दोन-तीन लहान दोष प्रांजळपणे लिहिलेले वाचले की बाकीच्या दाव्यांवरही विश्वास बसतो. छायाचित्रे ढगाळ दिवशी, मोकळ्या जागी घ्यावीत. ओल्या गाडीची कधीही घेऊ नयेत, कारण पाण्याखाली रंगाचे दोष झाकले जातात आणि हे सर्वांना ठाऊक आहे. गाडीच्या देखण्या बाजूंबरोबर सिल, दारांच्या फटी, डिकीचा तळ, गाडीचा खालचा भाग आणि कबूल केलेला प्रत्येक दोष यांचीही छायाचित्रे द्यावीत.

ग्राहक येईल त्या दिवशी इंजिन आधीपासून चालू करून तापवून ठेवू नये. थंड इंजिन पहिल्यांदा कसे उचलते, तेव्हा धूर कोणत्या रंगाचा येतो आणि तेलाचा दाब किती लवकर चढतो हे त्याला पाहायचे असते. बॉनेट हाताला गरम लागले की त्याच्या मनात शंका येणारच. फाइल टेबलावर ठेवावी, जॅक आणि टॉर्च हाताशी द्यावी आणि त्याला त्याच्या गतीने पाहू द्यावे. तो गाडीखाली असताना सतत बोलत राहणे टाळावे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही असे सांगणे सर्वांत सुरक्षित आहे, कारण खासगी विक्रीतही गाडी आपण वर्णन केली तशी असलीच पाहिजे असे ब्रिटिश कायदा सांगतो आणि चुकीच्या माहितीवर झालेला व्यवहार ग्राहक मोडू शकतो. रस्त्यावर चालवण्यास धोकादायक असलेली गाडी चालती म्हणून विकणे हा तर गुन्हाच आहे.

चाचणीसाठी आधी आपण चालवावे आणि ग्राहकाने शेजारी बसावे. त्याला चालवायला देण्यापूर्वी त्याचा परवाना आणि विमा पाहावा, कारण जुन्या गाड्यांचे विमे बहुधा नाव नोंदलेल्या चालकांपुरतेच असतात. एका दिवसाचा विमा फोनवरूनही घेता येतो. तो चालवत असताना आपण गाडीतच असावे आणि किल्ली चालू गाडीत सोडून उतरू नये.

घासाघीस होणार, आणि तीत रागावण्यासारखे काही नाही. ग्राहकाने दाखवलेला दोष आपण आधीच जाहिरातीत लिहिलेला असेल तर त्याबद्दल किंमत कमी करण्याचे कारण उरत नाही, हे शांतपणे सांगता येते. त्याला नवीन काही सापडले तर ते मान्य करून दुरुस्तीचा वाजवी खर्च वजा करावा. ज्याने गाडी नीट तपासली, योग्य प्रश्न विचारले आणि जो ती चालवणार आहे त्याला थोडी कमी किमतीत द्यावी, आणि केवळ फोनवर आकडा पाडणाऱ्याला देऊ नये, असे मला वाटते. पुढे गाडीची काळजी कोण घेईल याचाही विचार विक्रेत्याने करायला हरकत नाही.

पैसे बँकेतून थेट खात्यात घ्यावेत. बँकेच्या ड्राफ्टची नक्कल होऊ शकते, म्हणून ड्राफ्ट पाहून किल्ली देऊ नये. बँकेच्या वेळेत व्यवहार करावा आणि ग्राहकाच्या फोनवरचा संदेश पुरेसा न मानता रक्कम आपल्या खात्यात जमा झालेली स्वतः पाहावी. अनामत घेतली तर किती, कशासाठी आणि व्यवहार मोडल्यास परत मिळणार का हे लिहून दोघांनी सही करावी. विक्रीची पावती दोन प्रतींत करावी आणि तीत गाडीचा नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि दोघांची नावे-पत्ते असावेत. ती आवश्यक अशासाठी, की व्ही५सी हे नोंदणीपुस्तक गाडी कोणाच्या नावावर नोंदलेली आहे एवढेच सांगते, ते मालकीचा पुरावा नसते. खासगी मोटारीच्या विक्रीतून नफा झाला तरी ब्रिटनमध्ये त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मात्र गाड्या घेऊन दुरुस्त करून विकणे हा नेम झाला तर तो धंदा ठरतो आणि कराचे व ग्राहकहक्काचे नियम बदलतात.

हाच व्यवहार महाराष्ट्रात होत असेल तर पत्र्याविषयी आणि फाइलविषयी वर सांगितलेले सगळे तसेच लागू पडते, कागद मात्र वेगळे असतात. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, तिला व्हीए अक्षरांची क्रमांकमालिका मिळते, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. तेव्हा तिची नोंदणी साधी आहे की व्हिंटेज, आरसी पुस्तकातले चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी अक्षरशः जुळतात का, हे विक्रेत्याने जाहिरातीआधीच तपासावे. साध्या नोंदणीच्या गाडीचे नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आरटीओत लागतात. ग्राहक परराज्यातला असेल तर ना-हरकत प्रमाणपत्राला लागणारा वेळ व्यवहाराच्या तारखेत धरावा.

ब्रिटनमध्ये गाडी सोपवताना नोंदणीपुस्तकातली नव्या धारकासाठीची हिरवी चिठ्ठी फाडून ग्राहकाला द्यावी आणि त्याच्यासमोरच व्ही५सीवरचा अकरा अंकी क्रमांक वापरून डीव्हीएलए या वाहननोंदणी खात्याला ऑनलाइन कळवावे. कर शून्य असला तरी आपल्या नावावरची कराची नोंद गाडीबरोबर जात नाही, म्हणून नव्या धारकाने निघण्यापूर्वी कराची नोंद स्वतःच्या नावे करून घेणे आणि विमा सुरू करणे आवश्यक आहे. जमवलेले सुटे भाग, जुनी चाके, वर्कशॉप मॅन्युअल, तारांच्या चाकांचा हातोडा आणि फाइल हे ठरलेल्या किमतीत धरले असल्यास यादी करून त्याच वेळी द्यावे. कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये कोणते तेल घालतो, किंग पिनांना शेवटचे ग्रीस कधी दिले, हूड कोणत्या क्रमाने मिटायचा आणि बॅटरीचा स्विच कुठे आहे, हे एका पानावर लिहून त्या फाइलच्या सुरुवातीला लावावे. डीव्हीएलएची पोच आल्यानंतरच आपला विमा रद्द करावा, आणि पावतीची आपली प्रत व पोच दोन्ही एकत्र जपून ठेवावी. गाडीच्या नावे एखादा पार्किंगचा दंड चुकून जुन्या पत्त्यावर आलाच तर तेवढे दोन कागद पुरतात.